कागदावरून कापडावर : आमची वाटचाल

२०१४ च्या पावसाळ्यात मी माझे पहिले नक्षीचित्र गुंडाळीत घालून पुण्याहून इचलकरंजीला गेले. त्याआधीची चौदा वर्षे मी मुलांच्या पुस्तकांसाठी आणि दिवाळी अंकांसाठी चित्रे काढत होते, आणि घरातल्या पडद्यांवर व उशांच्या अभ्र्यांवर आपल्या हातची चित्रे असावीत, एवढ्या इच्छेपोटी मी जलरंगात एक तळे रंगवले होते. त्यात कमळे होती, लव्हाळे होते आणि काठाशी एक पाणकोंबडी होती. तिथल्या एका लहान छपाई-कारखान्यातल्या मास्टरांनी ते चित्र खिडकीच्या उजेडात धरले, त्यातले रंग मोजले आणि म्हणाले, “ताई, हे अकरा रंग झाले. म्हणजे अकरा स्क्रीन. आणि हा निळा पाण्यात विरत गेलाय, तो कुठल्या स्क्रीनवर घ्यायचा तेवढं तुम्ही सांगा.” स्क्रीन म्हणजे जाळीची चौकट, आणि प्रत्येक रंगासाठी ती वेगळी लागते. मला उत्तर देता आले नाही. मी परत आले आणि पुढचे तीन महिने तेच तळे पाच रंगांत पुन्हा पुन्हा काढत बसले. आमच्या उद्योगाचा पहिला संग्रह त्यातून तयार झाला.

आज आम्ही सहा जण आहोत. हिशेब आणि विक्री माझा आतेभाऊ पाहतो, शिलाईचे काम तिघीजणी सांभाळतात, नमुने, धुलाई आणि तपासणी एकाकडे आहे, आणि संग्रहांची जबाबदारी माझ्याकडे आहे. उशांचे अभ्रे, पडदे, चादरी, दोहरी आणि टेबलावर घालायच्या पट्ट्या ही आमची मुख्य उत्पादने. वर्षाला दोनच संग्रह करायचे आणि प्रत्येक संग्रह एकाच चित्रकाराच्या हातचा असावा, हा नियम आम्ही सुरुवातीपासून पाळला. त्याच्या जोडीला दुसरा नियम मला अधिक महत्त्वाचा वाटतो : चित्रकाराने पहिल्या रेखाटनापासून छापलेल्या कापडाच्या पहिल्या धुण्यापर्यंत कामासोबत राहिले पाहिजे. चित्र पाठवले, मानधन घेतले आणि काम संपले, ही पद्धत आम्ही स्वीकारली नाही, कारण ज्या टप्प्यांवर चित्रकार खऱ्या अर्थाने शिकतो ते सगळे टप्पे चित्र पूर्ण झाल्यानंतरच येतात.

चित्रकाराचे काम मराठी घरात पोहोचणे ही काही नवी गोष्ट नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळामुद्रणाचा छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. तिथे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करून छापलेल्या देवदेवतांच्या तसबिरी घरोघरी लागल्या. नंतरच्या पिढीत रघुवीर मुळगावकरांची दिनदर्शिकेवरची चित्रे वर्ष सरले तरी भिंतीवरून उतरत नसत. मात्र तसबीर आणि दिनदर्शिका यांमध्ये चित्र चौकटीत राहते, समोरून पाहिले जाते आणि कोणी त्यावर डोके टेकवत नाही. अभ्र्यावरचे चित्र कापले जाते, शिवले जाते, दुमडते, उलटे पडते आणि दर पंधरा दिवसांनी धुतले जाते. कागदाच्या चार कडांची सवय असलेल्या हाताला या गोष्टींची तयारी करून घ्यावी लागते, आणि ती तयारी एका सुट्या चित्रावर होत नाही, संपूर्ण संग्रह केल्यावरच होते, असा माझा अनुभव आहे.

संग्रह म्हणजे काय, हे नव्या चित्रकाराला सांगताना मी प्रथम साडी उलगडून दाखवते. पैठणीच्या पदरावर मोर किंवा मुनिया असते, तिथे विणकराने आपले सर्व कौशल्य ओतलेले असते. काठ नारळी असला तर तो पदराशी बोलतो, पण पदराची बरोबरी करू पाहत नाही. अंगभर पसरलेली बुट्टी तर इतकी शांत असते की तिच्याकडे वेगळे लक्षही जात नाही, आणि तरीही ती काढून टाकली तर पदर ओका वाटतो. संग्रहातही एक पदराची नक्षी लागते, दोन-तीन काठाच्या आणि चार-पाच बुट्टीच्या. पुस्तकांची चित्रे काढणाऱ्याला प्रत्येक पान पदरासारखे रंगवण्याची सवय असते. त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक चित्रकारांच्या पहिल्या आराखड्यात आठही नक्षी पदराच्या असतात, आणि त्या एका दिवाणावर शेजारी शेजारी ठेवल्या की एकीलाही श्वास घ्यायला जागा उरत नाही. साधा ठिपका, तिरपी रेघ, पानाची एकच शीर असे काही काढायला सांगितले की सुरुवातीला त्यांना ते कमी दर्जाचे काम वाटते. ठिपक्यांमधले अंतर बरोबर साधायला आठवडा लागतो हे एकदा अनुभवले की ती भावना जाते.

या शिक्षणाचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे सिंधुदुर्गातून आलेल्या एका तरुण चित्रकर्तीने केलेला ‘परसदार’ हा संग्रह. तिने आजीच्या घरामागची झाडे विषय म्हणून घेतली : अनंत, तगर, अबोली, अळू, हळदीची पाने आणि शेवग्याचा मोहोर. तिची रेघ अतिशय जिवंत होती. पण पहिली मुख्य नक्षी आम्ही कागदावर नऊ वेळा छापून भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवली आणि दहा फुटांवरून पाहिली, तेव्हा फुलांच्या मधून वरपासून खालपर्यंत मोकळ्या जागेच्या सरळ गल्ल्या पडलेल्या दिसल्या. एका चित्रात न दिसणारा हा दोष पुनरावृत्तीत ठळक होतो, आणि पडदा म्हणून टांगल्यावर तर डोळा फक्त त्या गल्ल्याच पाहतो. तिने नक्षीची प्रत्येक पुढची आडवी रांग निम्म्याने बाजूला सरकवली. गल्ल्या मोडल्या, परंतु आता अबोलीचे सगळे घोस तिरप्या ओळीत आले. मग तिने तीन घोसांची दिशा बदलली, एक अळूचे पान मोठे करून रिकाम्या जागेवर वाकवले, आणि पाचव्या प्रयत्नात भिंतीवरचा कागद कुठे सुरू होतो व कुठे संपतो हे मलाही सांगता येईना.

त्यानंतर मापाचा प्रश्न आला. मोठ्या मागणीचे कापड आम्ही रोटरी, म्हणजे फिरत्या नळकांड्यांनी छापणाऱ्या, यंत्रावर छापून घेतो. तिथल्या प्रचलित नळकांड्याचा घेर ६४ सेंटिमीटर असतो, म्हणून नक्षीची उंची त्या घेरात पूर्ण पटीत बसेल अशीच, उदाहरणार्थ ६४, ३२ किंवा १६ सेंटिमीटर, ठेवावी लागते. अभ्रा मात्र १६ इंचांचा, म्हणजे सुमारे ४० सेंटिमीटरचा असतो, आणि चारही बाजूंना अर्धा इंच शिवणीत जातो. ६४ सेंटिमीटरच्या नक्षीतून कापड कसेही कापले तर एका अभ्र्यावर पूर्ण फूल येते आणि दुसऱ्यावर नुसते देठ. आमच्या पहिल्या संग्रहात माझ्या पाणकोंबडीचे डोके कितीतरी अभ्र्यांच्या शिवणीत गेले होते, आणि ते अभ्रे आम्ही विकले नाहीत. ‘परसदार’च्या वेळी तिने कापडी कागदाची १७ इंचांची चौकट कापली, ती छापील कागदावर शंभरेक ठिकाणी ठेवून पाहिली, आणि कुठूनही कापले तरी चौकटीत एक तरी पूर्ण फूल राहील इतके फुलांचे आकार व अंतर बदलले. चादरीसाठी तिला आणखी एक गोष्ट करावी लागली. चादर पलंगाच्या चारही बाजूंनी पाहिली जाते, त्यामुळे सगळी झाडे एकाच दिशेने उभी असून चालत नाहीत. आजीच्या परसातली झाडे तिने वरून, विहिरीच्या कठड्यावर उभे राहून पाहिल्यासारखी काढली, आणि तिच्या संपूर्ण चित्रशैलीत त्या दिवसापासून फरक पडला असे मला वाटते.

रंगांच्या बाबतीत तिला जलरंगाचा सराव उपयोगी पडला. अनंत आणि तगर पांढरी, कापडही पांढरे. कागद कोरा सोडून पांढरे फूल दाखवणे तिला येत होतेच, तेच तिने कापडावर केले आणि एक स्क्रीन वाचवली. पिवळ्यावर निळा चढवून हिरवा मिळवला, तिथे दुसरी वाचली. पाच स्क्रीनमध्ये सहा-सात रंग दिसू लागले. छापताना कापड किंचित सरकते, म्हणून लगतचे दोन रंग अर्धा ते एक मिलिमीटर एकमेकांवर चढवावे लागतात, नाहीतर मध्ये पांढरी फट राहते. हे तिने पुस्तकात वाचले असते तर विसरली असती. इचलकरंजीत लांबलचक टेबलावर चिकटवलेले कापड, समोरासमोर उभे राहून स्क्वीजी, म्हणजे रंग जाळीतून दाबणारी पट्टी, ओढणारे दोन कारागीर, ओल्या रंगावर चौकट टेकू नये म्हणून एकाआड एक जागा सोडत होणारी छपाई, हे सारे तिने दोन दिवस जवळ उभे राहून पाहिले, आणि परतताना गाडीत तिने सगळ्या रेघांची जाडी बदलायला घेतली. नंतर तिने त्याच पाच स्क्रीन ठेवून केवळ रंग बदलले आणि सकाळचे परस संध्याकाळचे केले. स्क्रीनचा नवा खर्च न करता दुसरी रंगसंगती तयार झाली. आमच्यासारख्या लहान उद्योगाला ही बचत मोठी असते, आणि चित्रकाराला आपलेच चित्र परक्या डोळ्यांनी पाहण्याची संधी मिळते.

धुण्याचा टप्पा आम्ही फार उशिरा गांभीर्याने घेतला. पिगमेंट रंग छापल्यावर कापड साधारण १५० अंश सेल्सिअसला काही मिनिटे तापवून रंग पक्का करावा लागतो. दुसऱ्या वर्षी एका कारखान्याने यात घाई केली आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने घासताच निळा उतरू लागला. त्या वेळी तपासणी न करता माल शिलाईला दिला, ही चूक आमची होती. न धुतलेले सुती कापड तीन ते पाच टक्के आटते, म्हणजे १६ इंचांचा अभ्रा अर्धा ते पाऊण इंच लहान होतो आणि आतली उशी मावेनाशी होते. आता प्रत्येक नमुना चित्रकाराच्या देखत धुतला, वाळवला आणि घासला जातो. धुतल्यानंतर कोणता रंग किती मऊ पडला याची नोंद चित्रकार स्वतःच्या वहीत ठेवतो, आणि पुढच्या संग्रहाचे शेडकार्ड, म्हणजे रंगछटांचा तक्ता, त्या वहीवरून ठरते.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा छापून तयार असलेले तागे कारखान्यात अडकले आणि आमच्याकडे केवळ वेळ उरला. त्या महिन्यांत मी चार चित्रकारांना रोज सायंकाळी एक तास पुनरावृत्तीचे शिक्षण दूरचित्र-संवादावरून दिले. पुढे थोड्या मीटरांची डिजिटल, म्हणजे संगणकावरून थेट कापडावर होणारी, छपाई सुरू केली. तिथे स्क्रीनचा खर्च नाही आणि रंगांच्या संख्येला मर्यादा नाही. ही सोय चांगली आहे, तरीही प्रत्येक नव्या चित्रकाराला त्याचा पहिला संग्रह आम्ही आजही पाच स्क्रीनमध्येच करायला सांगतो. मर्यादेत शिकलेला चित्रकार डिजिटल छपाईतही नेमका राहतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

हक्कांविषयी मला सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण याच विषयात चित्रकारांचे सर्वाधिक नुकसान होते. पुस्तकासाठी काम करताना मी स्वतः ‘सर्व हक्कांसह’ अशा कागदांवर न वाचता सह्या केल्या होत्या. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सही केलेले असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. वस्तूंवरच्या नक्षीसाठी याच कायद्यात एक महत्त्वाची तरतूद आहे : जिची नोंदणी डिझाइन कायद्याखाली होऊ शकली असती पण केली गेली नाही, अशा रचनेवरचा प्रताधिकार, ती लावलेली वस्तू औद्योगिक प्रक्रियेने ५० हून अधिक वेळा तयार होताच संपतो. पन्नास अभ्रे तर आमच्याकडे एका दुपारी शिवून होतात. डिझाइन कायदा, २००० खाली नोंदणी केली तर दहा वर्षांचे आणि वाढवून घेतल्यास आणखी पाच वर्षांचे संरक्षण मिळते, मात्र अर्ज रचना प्रसिद्ध करण्यापूर्वी करावा लागतो. त्यामुळे अर्ज दाखल होईपर्यंत आम्ही नक्षीचे छायाचित्रही कोणाला पाठवत नाही, आणि चित्रकारांनीही तोवर समाजमाध्यमांवर काही टाकू नये अशी विनंती करतो. आमच्या करारात मूळ चित्र चित्रकाराचे राहते, आम्ही ठरावीक वस्तूंसाठी ठरावीक मुदतीचा परवाना घेतो, विकल्या गेलेल्या प्रत्येक नगावर मोबदला देतो आणि शिवणीतल्या पट्टीवर चित्रकाराचे नाव छापतो. पट्टीवरच्या नावामुळे तिघांना आमच्याबाहेरचे मोठे काम मिळाले, याचा मला मनापासून आनंद आहे.

‘परसदार’ करणारी चित्रकर्ती पुन्हा मुलांच्या पुस्तकांकडे वळली आहे. तिच्या नव्या पानांवर मोकळी जागा दिसते, आणि मजकुराशेजारची छोटी चित्रे बुट्टीसारखी शांत असतात. सध्या साताऱ्याचा एक चित्रकार कारवीवर काम करत आहे. सात वर्षांतून एकदा फुलणाऱ्या या झुडपाची रेखाटने त्याने डोंगरावर बसून केलेली आहेत. मुख्य नक्षीचा तिसरा नमुना गेल्या आठवड्यात आला, पण धुतल्यानंतर फुलांचा जांभळा निळ्याकडे झुकला. येत्या सोमवारी तो आपली वही आणि सुकवलेला एक तुरा घेऊन इचलकरंजीला जाणार आहे. मास्टरांनी त्याच्यासाठी टेबल सकाळी दहापर्यंत मोकळे ठेवायचे कबूल केले आहे.