तुम्ही विचारलंत म्हणून: कुत्र्याला घेऊन नागपूरजवळ कुठं चालायला जावं?

नागपूरहून कोणी आलं आणि अंगणात भुरीला बघितलं, की चहा होईपर्यंत हा प्रश्न येतोच. "ताई, आमच्याकडे पण कुत्रा आहे. त्याला घेऊन ट्रेकला कुठं जाता येईल? सकाळी निघून दुपारपर्यंत परत येता येईल असं." फोनवर विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. गेल्या दिवाळीत मावसभावाची मुलगी तर वही-पेन घेऊनच बसली होती. तिला घाईघाईत सांगितलं ते अर्धवट राहिलं, म्हणून आता सगळं नीट लिहून काढते.

आमचं गाव काटोल तालुक्यात. पाच एकर संत्रा, बाकी वावरात कपाशी आणि तूर. भुरी गावठी आहे. सात वर्षांपूर्वी पावसाळ्यात धुऱ्यावरच्या, म्हणजे वावराच्या बांधावरच्या, सिमेंटच्या पाइपात सापडली, मुठीएवढी होती. तेव्हापासून रोज सकाळी आम्ही दोघी चालतो. तिच्यामुळेच मला माझं गाव पायाखालून माहीत झालं.

विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा जंगल असतं. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबा ही नावं लगेच निघतात. तिथं कुत्रा नेता येत नाही. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानांना १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे, आत जायला माणसालाच परवानगी लागते आणि पाळीव कुत्र्याला ती मिळत नाही. माझं तर म्हणणं आहे की अभयारण्याच्या बाहेरच्या जंगलातही नेऊ नका. बिबट्याला कुत्रा हे सोपं खाणं आहे. आमच्याकडे बोर आणि पेंचच्या मधल्या पट्ट्यात जनावरं ये-जा करतात, आणि अंगणात बांधलेला कुत्रा रात्रीतून गेल्याच्या गोष्टी गावोगाव ऐकायला मिळतात.

दुसरं कारण लोकांना पटकन सुचत नाही. कुत्र्याकडून जंगलाला आजार जातो. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरमध्ये २० हून जास्त सिंह मेले, आणि मेलेल्या सिंहांमध्ये कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हाच आजार कुत्र्यांमध्ये सर्रास असतो, आणि आपण पिल्लाला त्याचीच लस देतो. आफ्रिकेत सेरेंगेटीमध्ये १९९४ साली याच आजारानं तिथले जवळजवळ एक तृतीयांश सिंह गेले होते. लस दिलेला कुत्रा असला तरी माझा जीव होत नाही. वाघ ज्या नाल्यावर पाणी पितो तिथं मी भुरीला नेणार नाही.

रामटेकबद्दलही विचारतात. गड सुंदर आहे, पण पायऱ्यांवर वानरांच्या टोळ्या बसलेल्या असतात. कुत्रा दिसला की ती अंगावर येतात, कुत्राही दोरी तोडायला बघतो, आणि मंदिरात आलेल्या म्हाताऱ्या माणसांची त्या धांदलीत पंचाईत होते. आदासाच्या गणपतीच्या टेकडीचंही मी तेच सांगते. तिथं आपण दर्शनाला जावं, कुत्र्याला घरी ठेवून.

मग जायचं कुठं? पांदणीवर.

पांदण म्हणजे वावरांमधून जाणारी बैलबंडीची वाट. दोन्ही बाजूंना धुरे, धुऱ्यावर बोर, पळस, कडुनिंब, मधेच एखादा जुना आंबा. विदर्भातल्या प्रत्येक गावाला अशा चार-सहा पांदणी असतात. एखादी पाझर तलावाच्या पाळीवर जाऊन संपते, एखादी शिवेवरच्या मारुतीपाशी, एखादी थेट दुसऱ्या गावात निघते. चढ फारसा नसतो, पण सहा-सात किलोमीटरचा फेरा सहज होतो. गाड्या नसतात, हॉर्न नसतो. शहरातल्या कुत्र्याला आयुष्यात पहिल्यांदा मातीचा, शेणाचा, रात्री येऊन गेलेल्या रोह्याचा, म्हणजे नीलगायीचा, वास मिळतो. एका जागी नाक टेकवून तो पाच-पाच मिनिटं उभा राहील. राहू द्या. भुरी अजूनही तशी उभी राहते, आणि मी तिच्यासाठी थांबते.

पांदण शोधायची सोपी रीत सांगते. तलाठ्याकडे गावाचा नकाशा असतो. त्यात गाडीवाट तुटक दुहेरी रेषेनं दाखवलेली असते आणि पायवाट तुटक एकेरी रेषेनं. नकाशात असलेल्या वाटेवरून जायचा हक्क सगळ्या गावाचा असतो. आमच्या विदर्भात तर गावकऱ्यांचे वहिवाटीचे, चराईचे, जळणाचे हक्क निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांत लिहून ठेवायची जुनी पद्धत आहे. पण नकाशात आहे म्हणून ती वाट मोकळी असेलच असं नाही. काही पांदणी दोन्हीकडून नांगरत-नांगरत एका माणसाच्या रुंदीच्या उरल्या आहेत, काहींवर बेशरमाची झुडपं माजली आहेत. म्हणून नकाशा बघून झाला की गावातल्या चहाच्या टपरीवर विचारा. "भाऊ, तलावाकडे जाणारी पांदण चालू आहे का? कुत्रा आहे सोबत." इतकं विचारलं की तिथं बसलेल्यांपैकी कोणीतरी कुठं तार आहे, कुठं कोणाची गाय मारकी आहे, कुठल्या वाडीतला कुत्रा सुटा असतो, हे सगळं सांगतो.

तारेचं मात्र मी स्वतः सांगते, कारण त्यात जीव जातो. रानडुक्कर आणि रोह्यांनी पीक खाऊ नये म्हणून शेतकरी कुंपण करतात. सौर कुंपण असतं, आम्ही त्याला झटका मशीन म्हणतो. त्याचा झटका लागतो, कुत्रा केकाटतो, पण मरत नाही. काही जण मात्र रात्री सरळ लाइटच्या खांबावरून करंट सोडतात. ते बेकायदेशीर आहे, त्यात माणसं आणि वाघ दोन्ही मेले आहेत. तार बारीक असते, लाकडी खुंट्यांवर जमिनीपासून वीतभर. ती माणसाच्या पायाला लागायच्या आधी कुत्र्याच्या नाकाला लागते. म्हणून उजाडायच्या आधी पांदणीवर जायचं नाही आणि पांदण सोडून वावरात उतरायचं नाही. पिकाचं नुकसान सोसणाऱ्या शेतकऱ्याचं दुःख मला घरचंच आहे, तरीही करंटच्या तारेला माझ्याकडे माफी नाही.

वावरात न उतरायचं आणखी एक कारण म्हणजे औषध. ऑगस्ट ते ऑक्टोबर कपाशीवर फवारे चालू असतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते औषध किती जहाल असतं हे तेव्हा सगळ्यांना कळलं. कुत्रा ओल्या पऱ्हाटीतून पळतो आणि घरी येऊन पाय चाटतो. संत्र्याच्या बागेत आणखी एक गोष्ट असते. फळातला रस शोषणाऱ्या पतंगांसाठी गुळाच्या पाण्यात कीटकनाशक घालून ते पसरट भांड्यात झाडाखाली ठेवतात. गोड वास येतो आणि कुत्र्याला ते पाणीच वाटतं. आमच्या बागेत आम्ही ती भांडी आता उंच टांगतो. सगळेच टांगत नाहीत.

आता कुसळ. विदर्भात कुत्र्याला घेऊन चालणाऱ्याला वाघापेक्षा याची भीती जास्त असायला पाहिजे. तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरमध्ये टेकडीवरून आल्यावर भुरीनं डोकं झटकायला सुरुवात केली. झटकायची, थांबायची, मान एका बाजूला कलती ठेवून उभी राहायची. मला वाटलं पाणी गेलं असेल. रात्री तिनं कान जमिनीवर घासला आणि रडली. सकाळी जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गुंगीचं इंजेक्शन दिलं, कानात बत्ती धरली आणि लांब चिमट्यानं कुसळ बाहेर काढलं. मी ते मागून घेतलं, तळहातावर ठेवून बघितलं. खाली सुईसारखं टोक, त्याच्यावर मागं वळलेले बारीक तांबूस केस. त्या केसांमुळे ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. वर काळपट शेपूट, सुतळीसारखं पीळ घातलेलं. डॉक्टर म्हणाले, "त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा." टाकला. शेपूट हळूहळू उलगडत फिरायला लागलं, आणि टोक माझ्या कातडीत रुतायला लागलं. कुसळी गवत आपलं बी जमिनीत असंच पेरतं. कुत्र्याच्या कानात, बोटांच्या बेचक्यात, काखेत, डोळ्यात ते तसंच शिरतं.

म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर टेकडीवर जाऊ नका, कितीही हिरवंपिवळं सुंदर दिसलं तरी. तलावाच्या पाळीवर, उघड्या पांदणीवरच चाला. ढोरं चरून, गवत कापून डिसेंबर सरता सरता टेकड्या मोकळ्या होतात. तिथून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचे सहा-सात आठवडे हा आमच्याकडचा खरा हंगाम. हरभरा घाट्यावर येतो, तूर कापायला होते, सकाळी तोंडातून वाफ निघते.

फेब्रुवारीचा मध्य उलटला की ऊन. मे महिन्यातल्या ४५-४६ अंशांना सगळेच भितात, त्या दिवसांत कोणी कुत्रा बाहेर काढत नाही. मला धास्ती फेब्रुवारीअखेरची, कारण तेव्हा माणसाला हवा छान वाटते. नागपूरच्या पश्चिमेला आमच्याकडे सगळा काळा दगड आहे, दख्खनच्या लाव्ह्याचा हा पूर्वेकडचा काठ. तो दहा वाजता तव्यासारखा होतो. एका ओळखीच्या कुटुंबाचा लॅब्रेडॉर अशाच एका सकाळी टेकडीवर बसला, तो उठेना. जीभ रुंद होऊन बाजूला पडलेली, लाळ घट्ट, हिरड्या लालभडक. अंगाला घाम येऊन त्याला गार होता येत नाही, धापेवरच सगळं चालतं, आणि धापेनं पुरेना. आम्ही तिघांनी त्याला शेल्यात घालून खाली उतरवलं, बोअरच्या नळीखाली पोट, मांड्या, पंजे भिजवले, सुपानं वारा घातला. मग गाडीत घालून सलाइनला नेलं. वाचला. त्या दिवसापासून मी पाहुण्यांना दगडावर उलटा हात ठेवायला लावते. सात मोजेपर्यंत ठेवता आला नाही, तर कुत्रा पुढे न्यायचा नाही. पगसारखी चपट्या नाकाची कुत्री तर मी थंडीतही तलावापर्यंतच नेऊ देते.

दोरी सोडायची का, हे सगळेच विचारतात. शहरात बिचाऱ्याला पळायला मिळत नाही हे मला समजतं. पण पांदणीवर तो एकटा नाही. भुरी दोन वर्षांची असताना मी तिला पाळीवर सोडलं, आणि ती बकऱ्यांमध्ये घुसली. चावली नाही, नुसती पळवली. ढोरकी लांबून ओरडत आला, "ओ ताई, धरा तिले! बकऱ्या गाभण हायेत. पळाली का पिल्लू टाकते मंग!" त्याचं वर्षाचं पोट त्या पंधरा बकऱ्यांवर होतं. मी त्याच्यापुढे हात जोडले. नंतर लांब दोरी विकत आणली, पंधरा हातांची. तेवढ्यात कुत्र्याचं वास घेणं, धावणं, डबक्यात बसणं सगळं होतं.

आणि झुडपांमध्ये तितर, लावा, टिटवी यांची अंडी जमिनीवरच असतात. आमच्याकडे अशा झुडपांच्या पडीक दिसणाऱ्या जमिनीला कागदोपत्री झुडपी जंगल म्हणतात. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं ते वनच असल्याचं सांगितलं. मला त्याचा आनंद झाला. पडीक म्हणून कोणी तिकडे बघत नव्हतं.

काटोल रोडनं येताना जुनापाणीची शिळावर्तुळं लागतात. लोहयुगातल्या माणसांनी आपल्या मेलेल्यांसाठी मांडलेले ते दगड आहेत. मधली माती भुसभुशीत असते आणि कुत्र्याला उकरायचा मोह होतो. बघायला जरूर उतरा, कुत्र्याला एकानं गाडीपाशी धरून ठेवा.

येण्याआधी रेबीज आणि डिस्टेंपरची लस झालेली पाहिजे. गावातला कुत्रा किंवा कोल्हा चावला, तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, माणूस असो की कुत्रा.

घरी आल्यावर मी ओट्यावर बसते, भुरी माझ्या मांडीवर डोकं ठेवते. आधी कान, आतून बाहेर. मग मान, पट्ट्याच्या खाली. मग चारही पंजे, एकेक बोट फाकवून, कारण गोचीड तिथंच लपतो आणि त्याचा ताप कुत्र्याला आतून पोखरतो. मग काखा, शेपटीचं बूड. दहा मिनिटं लागतात. आज दोन गोचीड निघाले, एक डाव्या कानाच्या घडीत, एक मागच्या पायाच्या बेचक्यात. कुसळ एकही नव्हतं.