सर, मुलींच्या गटातच घालू या का?

बुद्धिबळाचा क्लास सुटला की चपला घालताघालता कुणीतरी पालक हळूच विचारतात, "सर, मुलींच्या गटात नाव दिलं तर ट्रॉफी मिळायची शक्यता जास्त ना? मग खुल्या गटात कशाला?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हिशेब तुमचा बरोबर आहे. मला मात्र दर वेळी खाडिलकरांची रोहिणी आठवते.

मुंबईच्या या तीन बहिणी: वासंती, जयश्री, रोहिणी. वडील 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली झाली, ती वासंतीनं जिंकली. पुढं बरीच वर्षं ते विजेतेपद या घराच्या उंबऱ्याबाहेर फारसं गेलंच नाही.

१९७६मध्ये तेराव्या वर्षी रोहिणी राष्ट्रीय विजेती झाली. ट्रॉफीच हवी होती तर ती घरात आलीच होती की! पण त्याच वर्षी ही पोर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि गहजब झाला. तिनं तीन राज्य-विजेत्यांना हरवलं, मग तर विचारूच नका. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. अखेर 'फिडे' या जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला की महिलांना या स्पर्धांतून वगळता येणार नाही. युवे स्वतः एकेकाळचे जगज्जेते, त्यामुळे त्यांच्यापुढं कोण बोलणार? तुमच्या हातातल्या फॉर्मवर 'खुला गट' असं छापलंय ना, तो सगळ्यांना खुला असणं इतकं सहज नव्हतं.

पाच वर्षांनी हैदराबादला आशियाई महिला स्पर्धा झाली. रोहिणीचे गुण बारांपैकी साडेअकरा. म्हणजे अख्ख्या स्पर्धेत समोरच्यांच्या पदरात पडला तो अर्धा गुण. पुढं बुद्धिबळ सोडून त्या छपाईचं शिक्षण घ्यायला जर्मनीला गेल्या, 'संध्याकाळ' या दैनिकाच्या संपादक झाल्या.

परवा तुमची लेक एका मिसरूड फुटलेल्या मुलाशी हरली. तुम्ही बाहेर बाकावर चुळबुळत होतात, म्हणून तुम्हाला दिसलं नाही. ती रडली नाही. डाव लिहिलेला कागद घेऊन माझ्याकडं आली, विसाव्या खेळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "सर, त्यानं उंट फुकट दिला तेव्हाच मला शंका यायला हवी होती ना?"

आम्ही पट पुन्हा मांडला. तिनं तो उंट या वेळी घेतला नाही.

फॉर्म शुक्रवारपर्यंत भरायचाय.