तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी अलॉय व्हील्स घरी रंगवता येतात का?

माझ्या जुन्या गाडीची चाके पाहिली, की बहुतेक जण विचारतात की हे काम घरी जमते का आणि जमले तरी रंग टिकतो का. जमते, पण टिकणे रंगाच्या डब्यापेक्षा त्याखालच्या धातूवर, म्हणजे अलॉय व्हील्समध्ये बहुधा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूवर, जास्त अवलंबून असते.

अ‍ॅल्युमिनियम लोखंडासारखे तांबडे गंजत नाही, त्यामुळे त्याचे दुखणे उशिरा लक्षात येते. खडी उडून टवका गेला किंवा रिमची कड फुटपाथला घासली, की त्या फटीतून ओलावा आणि मीठ आत शिरते आणि लॅकरच्या (रंगावरच्या पारदर्शक संरक्षक थराच्या) खाली पांढरट, वेड्यावाकड्या तंतूंसारख्या रेघा पसरू लागतात. लॅकर वरून शाबूत दिसते तेथेही या रेघा पोहोचलेल्या असतात, म्हणून केवळ पापुद्रे निघालेला भाग घासून भागत नाही. स्वच्छ धातू लागेपर्यंत घासावे लागते, आणि एखाद्या बारीक खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका उरला तर नव्या रंगाखाली तेथूनच पुन्हा सुरुवात होते.

घासण्यापूर्वी चाक धुऊन तेलकटपणा पूर्ण काढावा. टायर चमकवणाऱ्या द्रव्यातले सिलिकॉन रिमवर राहिले, तर घासकागदाने ते आणखी पसरते आणि नंतर रंग त्या जागी धरत नाही, गोल गोल खळगे पडतात. लोखंडी तारेचा ब्रश मी वापरत नाही, कारण त्याचे कण मऊ धातूत रुतून तेथेच गंजतात. कॉस्टिक सोडा तर दूरच ठेवावा. तो रंगाबरोबर अ‍ॅल्युमिनियमही खातो आणि त्यातून हायड्रोजन निघतो. जुन्या रेसिंग गाड्यांची काही चाके मॅग्नेशियमची असत. तशी शंका असेल तर घासकाम घरी करूच नये, कारण त्याची भुकटी पेट घेते.

कडेवरचे ओरखडे १२० नंबरच्या घासकागदाने उतरवून ४०० पर्यंत यावे, उरलेला खोलगटपणा पुट्टीने भरावा. चीर मात्र पुट्टीने भरायची गोष्ट नव्हे. तसे चाक बाजूला काढावे. उघड्या धातूवर रंगाआधीचा थर म्हणून धातूला किंचित खाऊन घट्ट धरणारा एच (etch) प्रायमर किंवा एपॉक्सी प्रायमर हवाच, आणि रंगाचे हात पातळ द्यावेत. रंगाच्या निवडीत माझे मत थोडे हट्टी आहे: आजच्या चंदेरी रंगांतली जाड चमक जुन्या चाकावर उपरी वाटते, बारीक दाण्याची, किंचित मंद छटा अधिक शोभते.

हार्डनर (कडक करणारे द्रव्य) मिसळायचे लॅकर सर्वांत टणक होते, पण त्यात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असते, आणि बाहेरून शुद्ध हवा पुरवणाऱ्या मास्कशिवाय ते फवारणे म्हणजे फुप्फुसांशी खेळ आहे. घरी मी साधे एकघटकी, म्हणजे हार्डनर न लागणारे लॅकर वापरतो. पेट्रोल सांडले की ते मऊ पडते, हे मान्य करूनच.

हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसते त्याला) टेकणारा मागचा सपाट भाग आणि नट बसतात त्या उतरत्या कडा मी टेपने झाकतो. तेथे रंगाचा थर राहिला, तर भाराखाली तो दबतो आणि आवळलेला नट सैल पडू लागतो. म्हणून चाके बसवताना टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराइतकाच नट आवळता येणारा पाना) वापरावा आणि शंभरेक किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा तपासावेत.