तुम्ही विचारलंत म्हणून

‘एवढं शिकलीस, मग हे असलं बेसूर कशाला रेकॉर्ड केलंस?’ लग्नात, देवळात, फोंड्याच्या बाजारात, कुठेही भेटलात की हाच प्रश्न. वर सल्ला: दोन नाट्यगीतं तरी घालायची होतीस. आजवर हसून वेळ मारून नेली. व्हायोलावर, म्हणजे व्हायोलिनच्या थोरल्या बहिणीवर, मी लिगेटी या संगीतकाराचा सोनाटा रेकॉर्ड केला, तो का, ते आता एकदाच सांगते.

नाट्यगीतं मला परकी नाहीत. बाबांनी जन्मभर जत्रेच्या नाटकांना पायपेटी वाजवली. विंगेत चटईवर झोपून मी वाढले. पण ती गाणी गळ्याची आहेत. लिगेटीचा एकट्या व्हायोलासाठीचा सोनाटा (1991–94) या वाद्याच्याच अंगातून निघालाय. त्याचा पहिला भाग, ‘होरा लुंगा’, अख्खा एका तारेवर, सर्वांत खालच्या ‘सी’वर. ही तार खरं तर व्हायोलाला झेपत नाही. व्हायोलिनपेक्षा पंचमाइतकं खाली जायचं तर खोकं दीडपट, म्हणजे 53 सेंटिमीटरच्या आसपास हवं. माझं 41 चं आहे, कारण ते खांद्यावर धरायचं असतं. म्हणून मूळ सूर दबका येतो आणि त्याच्या पोटातले स्वर वर येतात. तंबोऱ्यातला स्वयंभू गांधार ऐकलाय ना तुम्ही? लिगेटीने असे स्वयंभू स्वरच चालीत घेतलेत. सुराच्या पोटातल्या या स्वरांपैकी पाचवा पेटीच्या पट्टीपेक्षा जरा उतरा, सातवा अजून, अकरावा जवळजवळ अर्ध्या सुराच्या निम्म्याने. तुम्हांला बेसूर वाटतं ते हे. ते तसंच लागायला हवं.

स्टुडिओ का नाही घेतला? पैसे नव्हते. आणि आमच्या माजघरात, लाकडी माळ्याखाली, खालचा सूर उगाच घुमत नाही. डिसेंबरात रात्री एक ते चार. आधी रस्त्यावर गाड्या, नंतर पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा. फ्रिज बंद, पंखा बंद, माइक दीड मीटरवर.

तिसरी रात्र, सहावा टेक. त्या रात्री हात माझा राहिला नव्हता. गज आपसूक चालत होता. शेवटचं पान उरलं होतं आणि दार कुरकुरलं. बाबा, चौकटीला हात लावून. ‘बाय, तार देंवल्या.’

तार उतरलीय. मी ओरडले. ‘ही तुमची पेटी नव्हे! कळत नाही त्यात बोलू नका!’

बाबा काही बोलले नाहीत. आवाज होऊ नये म्हणून कडी बोटांनी उचलून धरली आणि दार ओढून घेतलं. सकाळी मडगावला आत्याकडे गेले, रेकॉर्डिंग संपेपर्यंत तिथेच राहिले.

फेब्रुवारीत हेडफोन लावून टेक निवडायला बसले. सहाव्यात माझं ओरडणं आहे, मग कडीचा बारीक आवाज, मग मी रागाने सी तार छेडलेली. ती उतरलेली होती. ट्यूनर लावून पाहिलं, चांगली वीस सेंट, म्हणजे अर्ध्या सुराचा पाचवा हिस्सा. पावसात फुगलेल्या खुंट्या डिसेंबरात आकसतात आणि सरकतात, हे मला शिकवणीच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे. उतरे स्वर लिगेटीचे होते. तार आपली आपण उतरत होती. बंद दाराआड हे ओळखायचं तर बाबा पहिल्यापासून ऐकत असणार. कदाचित तिन्ही रात्री.

की त्यांनाही ते लिगेटीचे स्वरच खटकले होते, तुमच्यासारखे? मी अजून विचारलेलं नाही.

शिकत असताना हिंडेमिट या संगीतकाराच्या 1922 च्या व्हायोला सोनाट्यातली एक सूचना मी भिंतीवर चिकटवली होती: नादाचं सौंदर्य ही दुय्यम बाब. तुमच्यापैकी कित्येकांच्या तोंडावर ती फेकलीय. पेटीवर वाढलेल्या कानांना हे कळायचं नाही, असंही म्हटलंय. आज ती मुलगी मला उर्मट वाटते. तरी तिचं सगळंच चूक होतं असं मी म्हणणार नाही; उतरा अकरावा स्वर मी पेटीच्या पट्टीत कधीच बसवणार नाही. पण नाद दुय्यम असता तर त्या सहाव्या टेकसाठी मी अजून तळमळले नसते.

तुम्ही ऐकलात तो आठवा टेक. तार बरोबर आहे, वाजवणंही ठीक. सहावा त्याहून चांगला होता, उतरलेल्या तारेसकट. तो मी पुसलेला नाही. बाबांना ऐकवायचा म्हणून दोनदा लावायला घेतला; माझं ओरडणं यायच्या आधीच बंद केला.