धुऱ्यावरचा सापळा आणि माझा अहवाल

रविवार, रात्री

आठवीतल्या त्या पोरीच्या प्रकल्पाचा अहवाल आज लिहायला घेतला. विषय तिनंच निवडलेला: बापाच्या कपाशीत गुलाबी बोंडअळीचे दोन कामगंध सापळे (गंधानं पतंग ओढणारे) लावायचे आणि रोज शाळेआधी वावरात जाऊन अडकलेले अळीचे पतंग मोजायचे.

वही समोर होती. पट्टीनं आखलेले रकाने, कडेला चिखलाची बोटं. एका तारखेला लिहिलंय, "पाऊस. पिशवीत पानी भरलं, पाखरं सडले. मोजता आले नाही." तिथं शून्य टाकून मोकळं होता आलं असतं. तिनं रकाना रिकामा ठेवला. त्या रिकाम्या रकान्यामुळं बाकीच्या आकड्यांवर माझा विश्वास बसला, म्हणून अहवालाचं पहिलं वाक्य त्यावरच लिहिलं.

छापील नमुन्यात उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष एवढंच. पण या पोरीचं खरं काम यातल्या कशातच बसत नाही. सापळ्यातल्या गोळीला मादीचा गंध असतो, म्हणून त्यात फक्त नर येतात, हे तिला कृषी सहायकांकडून कळलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्यापुढं उभी. "मंग मॅडम, मादी अंडे घालून गेली तं सापळ्याले कसं समजन?" तेव्हापासून ती हिरवी बोंडं तोडून ब्लेडनं चिरून पाहू लागली. वीस बोंडांत दोन किडकी निघाली तर दहा टक्के, म्हणजे धोक्याची पातळी, हे तिला नंतर एका पत्रकात सापडलं. प्रश्न मात्र त्याआधीचा, तिचा स्वतःचा. हा प्रसंग मी 'कृती'त सविस्तर लिहिला, वेगळा कागद जोडून.

एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले किंवा बोंडं तेवढी किडली तरच फवारणीचा विचार करायचा, असं गणित आहे. सप्टेंबरात तिचे आकडे तीन-चारच्या वर गेले नाहीत, बोंडंही चांगली निघाली, तेव्हा बापानं एक फवारा पुढं ढकलला. २०१७ च्या खरिपात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन माणसं दगावली. पाठीवर पंप घेणाऱ्या घरात एक फवारा टळणं ही लहान गोष्ट नाही. तेही लिहिलं.

निष्कर्षापाशी अडले. मागच्या वर्षीच्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, जळणासाठी धुऱ्यावर, बांधावर, रचलेल्या आहेत. त्या ढिगाजवळच्या सापळ्यात पुढं सातत्यानं जास्त पतंग आले. अळी तशा पऱ्हाट्यांतल्या किडक्या बोंडांत सुप्त राहते, त्यामुळं तिचा तर्क बरोबर दिशेनं आहे. पण एक वावर, दोन सापळे, एक हंगाम. "जरा जोरात लिहा, तालुक्याला पाठवायचं आहे," असं मला सांगण्यात आलंय. मी जोरात लिहिणार नाही. वहीत तिनं स्वतः "असं वाटते" लिहिलंय. तिच्या सावधपणावर मी माझा उत्साह चढवला तर हंगामभराचं तिचं काम माझं होऊन जाईल.

पुढच्या हंगामात ढीग आधीच हलवून त्याच जागी सापळा लावायचा तिचा बेत आहे. तो 'पुढील काम' म्हणून घातला.

उद्या तिला सगळं वाचून दाखवीन. जिथं पटणार नाही तिथं खोडू दे तिला. मग सही.