खर्चाची वही आणि कामाची मोजणी : आमची वाटचाल

2009 साली हिंगणघाट तालुक्यातील आमच्या गावात मी आणि माझ्या धाकट्या भावाने बांधकामाचा व्यवसाय सुरू केला. सुरुवातीची चार वर्षे आम्ही गोठे, घरे आणि विहिरींची बांधकामे केली. ही कामे लहान होती आणि दोघांपैकी एक जण दिवसभर कामावरच असायचा, त्यामुळे काम कुठवर आले हे डोळ्यांनाच दिसत असे. कामावर देखरेख ठेवण्याची काही वेगळी रीत असावी लागते, हे आम्हाला 2013 साली कळले आणि त्यासाठी मोठी किंमत मोजावी लागली.

त्या वर्षीच्या जानेवारीत आम्ही एका धान्य गोदामाचे काम घेतले. अंदाजपत्रकी खर्च 18 लाख रुपये होता आणि मे अखेरीस काम पूर्ण करून द्यायचे होते. मार्च संपला तेव्हा वहीत 9 लाखांचा खर्च दिसत होता, म्हणून निम्मे काम झाले असे आम्ही धरून चाललो. आमचे जुने मिस्त्री एका संध्याकाळी म्हणाले, "भाऊ, पैसा गेला तेवढं काम नाही झालं ना." ते बरोबर बोलत होते, परंतु आम्ही मनावर घेतले नाही. छपराचे पाईप आणि पत्रे स्वस्त मिळाले म्हणून आधीच आणून ठेवले होते, आणि प्लिंथमध्ये, म्हणजे जोत्यात, मुरूम भरणे, जे पावसाआधी व्हायलाच हवे होते, ते मात्र मागे पडले होते. मृग लागला आणि काळ्या जमिनीतले उघडे खड्डे पाण्याने भरून त्यांच्या कडा ढासळल्या. मुरमाचा ट्रक जागेपर्यंत पोचेना. पावसाळा सरला, तर मजूर आधी सोयाबीनच्या कापणीला आणि मग कापूस वेचायला गेले. गोदाम 2014 च्या फेब्रुवारीत पूर्ण झाले. त्या वर्षी विदर्भात पाऊस नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त झाला हे खरे असले, तरी दोष पावसाचा नव्हता.

नंतर आम्ही दोघांनी बसून मार्चअखेरची स्थिती पुन्हा मांडली. ठरल्याप्रमाणे तोपर्यंत 11 लाखांचे काम व्हायला हवे होते, प्रत्यक्षात साडेपाच लाखांचे झाले होते आणि खर्च 9 लाखांचा होता, म्हणजे खर्चाच्या प्रत्येक रुपयामागे 61 पैशांचे काम पदरात पडले होते. पडून असलेले 2 लाखांचे सामान वजा केले, तरी 7 लाखांत साडेपाच लाखांचेच काम उरत होते. हे तीन आकडे मार्चमध्ये एका कागदावर असते, तर मुरूम भरण्यासाठी आमच्या हातात दोन महिने होते.

तेव्हापासून प्रत्येक कामाचे पाया, प्लिंथ, कॉलम, भिंती, छप्पर, फरशी असे भाग पाडून प्रत्येक भागाची रक्कम आधीच लिहून ठेवतो. भाग पूर्ण होऊन टेपने मोजल्यावरच त्याची रक्कम धरायची आणि आणून ठेवलेल्या सामानाचे शून्य, हा नियम आम्ही कधी मोडलेला नाही. दर शनिवारी मजुरांचा हप्ता वाटण्याआधी ठरलेले, झालेले आणि खर्च झालेले असे तीन आकडे लिहिले जातात. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने 1960 च्या दशकात मोठ्या कंत्राटांसाठी हीच पद्धत रूढ केली आणि तिला अर्नड व्हॅल्यू, म्हणजे कमावलेले मूल्य, म्हणतात, हे पुढे एका प्रशिक्षणात समजले.

रकमेबरोबर दर्जाचीही मोजणी लागते. सिमेंट, वाळू आणि खडी यांच्या 1:1.5:3 या प्रमाणाच्या काँक्रीटला एका घनमीटरमागे सिमेंटच्या सुमारे 8 बॅगा लागतात, म्हणून दिवसभरात ओतलेले काँक्रीट आणि रिकाम्या बॅगा यांचा मेळ आम्ही त्याच संध्याकाळी घालतो. बॅगा कमी भरल्या तर माल कच्चा झाला आणि जास्त भरल्या तर सिमेंट वाया गेले किंवा जागेवरून हलले, असा संशय घ्यावा लागतो. आमच्याकडच्या उन्हाळ्यात काँक्रीटला किमान 10 दिवस पाणी मारावे लागते. हे काम कोणी केले आणि किती वेळा केले, याची नोंद नसेल तर ते झालेच नाही असे मी समजतो.

आकडे मांडून काम सुधारत नाही, मागे पडलेले दिसल्यावर काही करावे लागते. एखादा भाग आठवडाभर मागे पडला, तर त्याच शनिवारी निर्णय घेतो: दुसरी टोळी लावायची, कामाचा क्रम बदलायचा किंवा मालकाला जाऊन सांगायचे. यातले शेवटचे सर्वांत जड जाते. 2019 मध्ये एका शेडच्या कामावर मुरूम मिळत नव्हता. दुसऱ्याच शनिवारी मी मालकांना वही दाखवली आणि उशीर होणार असल्याचे सांगितले. ते रागावले, परंतु कैच्या, म्हणजे छपराला आधार देणारे त्रिकोणी सांगाडे, आधी वर्कशॉपमध्ये तयार करून घेण्यास त्यांनी संमती दिली आणि मृगाच्या चार दिवस आधी छप्पर चढले.

आज आमची तीन ठिकाणी कामे चालू आहेत. मिस्त्री रोज संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतात, तरी शनिवारची मोजणी भाऊ किंवा मी स्वतः जाऊन करतो, कारण भिंतीची मागची बाजू फोटोत दिसत नाही. तोंडी सांगितलेली वाढीव कामे मात्र अजूनही हिशेबातून निसटतात. एक खिडकी वाढवा, ओटा थोडा पुढे घ्या, असे मालक सांगतात आणि मिस्त्री करून टाकतात. अशा प्रत्येक कामाची रक्कम आणि लागणारे दिवस लिहून मालकांची सही घेतल्याशिवाय हात लावायचा नाही, असे आम्ही या उन्हाळ्यापासून ठरवले आहे. तीनपैकी दोन ठिकाणी ते पाळले जात आहे.