लेकीसाठी फोटो एडिटिंगचं सोपं सॉफ्टवेअर शोधताना

तान्ह्या पोळ्याला लेकीला पोस्टर करायचं होतं. ती पाचवीत आहे. तिच्या लाकडी नंदीचा फोटो, मागची ओसरीची भिंत जाऊन तिथं हिरवं शेत आणि वर मराठीत मजकूर, एवढीच तिची मागणी. आम्ही दारव्हा तालुक्यातले. घरात जुना विंडोज १० चा लॅपटॉप आहे, नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, आणि पावसाळ्यात लाइन कधी जाईल याचा भरवसा नाही. म्हणून एकदा डाउनलोड केलं की नेटशिवाय चालेल असंच काहीतरी हवं होतं.

मोबाईलवरची फुकट ॲप्स लवकरच बाजूला ठेवली. जरा कुठं हात बसतो तोच जाहिरात. "आई, हे मधातच कायले येते वं?" असं ती विचारायची, आणि लहान लेकराला कसल्याही जाहिराती दिसाव्यात हे मलाही पटत नव्हतं.

मग टक्स पेंट घेतलं. २००२ पासून चालत आलेलं, पूर्ण मोफत, खास लहान मुलांसाठी बनवलेलं. मराठीतही चालतं. मोठी चित्रमय बटणं, प्रत्येक साधनाला आवाज, आणि चित्र जपून ठेवताना नाव विचारत नाही, त्यामुळे अक्षरओळख नसलेलं मूलही वापरू शकतं. माझा धाकटा त्यावरून उठायला तयार नव्हता. पण ते मुळात चित्र काढायचं सॉफ्टवेअर. स्वतःजवळ जपलेली चित्रंच ते उघडून दाखवतं, मोबाईलमधला फोटो सरळ उघडता येत नाही. लेकीचं काम तिथं अडलं.

गिम्प हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअरही मोफत आणि फार ताकदीचं आहे, हे मान्य. पण दहा वर्षांच्या मुलीसमोर पहिल्याच दिवशी एवढे मेनू उघडणं मला योग्य वाटलं नाही. विंडोज १० च्या साध्या पेंटमध्ये लेयर, म्हणजे एकावर एक ठेवायचे चित्राचे थर, नाहीत. मायक्रोसॉफ्टनं ती सोय २०२३ मध्ये विंडोज ११ च्या पेंटला दिली.

शेवटी पेंट डॉट नेट या फोटो एडिटिंगच्या वेगळ्या सॉफ्टवेअरवर थांबलो. त्याच्या स्वतःच्या साइटवरून फुकट मिळतं, मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर पैसे पडतात, तेवढं बघून घ्या. डाउनलोडची खोटी बटणं दाखवणाऱ्या दुसऱ्या साइटवरून घेऊ नका.

खरी गंमत 'मॅजिक वाँड'मध्ये, म्हणजे एका क्लिकवर सारख्या रंगाचा भाग निवडणाऱ्या साधनात होती. लेकीनं भिंतीवर क्लिक केलं, तर नंदीचं पांढरं शिंगही भिंतीबरोबर निवडलं गेलं. दोघांचा रंग जवळजवळ सारखाच. वरची 'टॉलरन्स'ची (रंगात किती फरक चालेल याची) पट्टी कमी केली, तशी निवड आक्रसत गेली आणि शिंग सुटलं. मग डिलीट. भिंतीच्या जागी चौकटी-चौकटींचा पट दिसला, म्हणजे तो भाग पारदर्शक झाला. शेताचा फोटो खालच्या लेयरवर ठेवला. काही चुकलं तर बाजूच्या 'हिस्ट्री'च्या खिडकीत एकेक पायरी दिसते, तिथं क्लिक करून लेक मागं जायची. या एका सोयीमुळे तिला मला हाक मारावी लागत नव्हती, आणि माझ्या मते मुलांसाठी सॉफ्टवेअर निवडताना हीच गोष्ट आधी तपासावी.

मजकुरासाठी 'मुक्त' नावाचा मोफत देवनागरी फाँट टाकला. मजकूर मात्र नेहमी वेगळ्या लेयरवर लिहायला सांगा. एकदा बाहेर क्लिक केलं की अक्षरांचं चित्र होतं, मग ऱ्हस्व-दीर्घही दुरुस्त करता येत नाही. वेगळा लेयर असेल तर तेवढाच पुसून पुन्हा लिहिता येतं.

जपताना दोन फायली करायच्या: एक पीडीएन, ज्यात लेयर शाबूत राहतात, आणि एक पीएनजी, झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्हवर न्यायला. जेपीईजीत पारदर्शक भाग टिकत नाही. आणि मोबाईलचा फोटो उघडल्याबरोबर त्याची प्रत काढून आकार थोडा कमी करा, नाहीतर जुना लॅपटॉप प्रत्येक क्लिकला अडतो. छापायला मोठा आकार हवा असेल तर मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये तसाच असू द्या.